थंड चाक

आमच्या ह्यांना गाड्यांच्या आवारात सगळे शंकासुर म्हणतात, आणि लग्नाची बायको म्हणून सांगते, नाव अगदी शोधून ठेवलंय. मी कुलूप लावलं की हे ओढून बघतात. गॅस बंद केला म्हटलं की 'बरं' म्हणतात आणि तरी आत जाऊन बघून येतात. नवी नवरी होते तेव्हा मला याचा राग यायचा. अजूनही येतो, पण आता मी आतून ओरडून विचारते, "आलात का चौकशी करून? काय म्हणाला गॅस?"

मालाचे ट्रक चालवणाऱ्या एका कंपनीत ते गाड्या तपासतात. गाडी फाटकाबाहेर पडण्याआधी तिचे ब्रेक, टायर, दिवे, स्टिअरिंग बघायचं आणि पटलं नाही तर ती अडवायची, हे त्यांचं काम. म्हणजे स्वभावालाच पगार मिळाला म्हणायचा. ड्रायव्हर कागद पुढे करतात, फिटनेस आहे, विमा आहे, परवाना आहे. हे म्हणतात, "कागदाला ब्रेक नसतात," आणि सरळ गाडीखाली शिरतात. ते कपडे कोण धुतं, ते विचारू नका. अपघात झाल्यावर पंचनाम्याला सगळे जमतात, आधी वाकून बघायला कुणी येत नाही, हे त्यांचं ठरलेलं पालुपद.

त्यांची एक खास सवय आहे. लांबून आलेली गाडी थांबली, की ते एकेका चाकाजवळ पालथा हात नेतात. ब्रेक लागून लागून चाकाच्या आतलं लोखंड तापलेलं असतं. बाकीचे जास्त तापलेल्या चाकाला भितात, हे थंड चाकाला. "गरम चाक बोंबलतं तरी," ते म्हणतात. "थंड चाकाला ब्रेक लागतच नसतो, आणि ते मुकाट्याने फिरत राहतं."

माझा धाकटा भाऊ त्याच कंपनीत ड्रायव्हर. खटारा गाड्या हाकून हाकून त्याला अखेर एक नवी कोरी गाडी मिळाली होती. तिचे तो असे लाड करायचा, की भावजय म्हणायची, सवत परवडली. ह्यांनी मात्र गाडी बघून पेढ्यासारखा एक गोड शब्द काढला नाही. "नवी आहे म्हणून बेफिकीर राहू नकोस," एवढंच. तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली, की माहेरच्या माणसाचं बरं झालेलं ह्यांना बघवत नाही.

त्या दुपारी मी ह्यांचा डबा घेऊन आवारात गेले, तर दोघांचं जुंपलेलं. धाकटा आठवडाभराच्या बाहेरच्या फेऱ्यांवरून माल भरूनच आला होता. इथे तपासणी करून, दोन घास खाऊन त्याला पुढे डोंगर उतरायचा होता. हे मागच्या चाकाशी उकिडवे बसले होते.

"चाकं ओली कशी?"

"चिखल लागला होता, दाजी. धुतली."

"आख्खी गाडी धुळीने माखलीय, आणि चाकं तेवढी आंघोळ करून आली?"

धाकटा हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं. हे उठले. "सगळी चाकं एकसारखी थंड व्हावीत, म्हणून पाणी मारलंस. यातलं एक आधीपासूनच थंड असणार. गाडी वर्कशॉपला लाव."

"ताईची शपथ दाजी, गाडी ठणठणीत आहे!"

माझ्या शपथेवर मी पाघळलेच. वर्कशॉपला गाडी गेली की त्याच्या वाट्याला पुन्हा खटारा येणार, हे मलाही ठाऊक होतं. म्हटलं, "अहो, धुतली तर चोर, नाही धुतली तर घाणेरडा. करायचं काय त्याने? पाण्यात बघता नुसते माझ्या भावाला!"

"अगं, तू यात पडू नकोस."

झालं. मी डब्यासकट केबिनची पायरी चढले आणि ड्रायव्हरशेजारच्या सीटवर जाऊन बसले. "तुमचा नसेल विश्वास, माझा आहे. मी जाते ह्याच्याबरोबर डोंगर उतरून. चल रे, चढ. चालू कर."

धाकटा चढला. इंजिन सुरू झालं. हे गाडीच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. ओरडले नाहीत, हात केला नाही. माझ्याकडे बघतही नव्हते. काचेतून त्याच्याकडे बघत होते फक्त. मला वाटलं, बरी जिरली.

"ताई, बेल्ट लाव," धाकटा म्हणाला.

लावला. तरी गाडी हलेना. गिअरवरचा त्याचा हात तिथेच होता. मग त्याने इंजिन बंद केलं.

"ताई, तू उतर."

"का रे?"

"उतर म्हणतो ना."

"आणि तू?"

"मी जातो. मला सवय झालीय."

माझी खोटी शपथ घेतली, याचा राग नंतर आला. आधी कळलं ते एवढंच, की ज्या गाडीत मला बसवायची त्याला भीती वाटत होती, त्या गाडीतून तो स्वतः रोज ये-जा करत होता. मी किल्ली उपसून घेतली, खाली उतरले आणि ह्यांच्या हातात दिली.

हे मेकॅनिकला घेऊन गाडीखाली शिरले. मागच्या एका चाकाच्या ब्रेकला दाबाची हवा पोचवणारी नळी फुटली होती. नळी बदलायची तर वर्कशॉपला जावं लागलं असतं, म्हणून पठ्ठ्याने तिच्यात बोल्ट ठोकून वर तार आवळली होती. हवा गळायची थांबली, आणि त्या चाकाचा ब्रेकही गेला.

धाकटा पायरीवर बसून लहान पोरासारखा रडत होता. "गाडी दुसऱ्याला देतील, दाजी."

"देतील," हे तेलकट हात पुसत म्हणाले. "तुला दुसरी गाडी मिळेल रे. हिला दुसरा भाऊ मी कुठून आणू?"