बेगमबीचा डावा पाय

निलंग्यात बांगड्यांची दुकानं बख्खळ आहेत, पण आमच्या गल्लीतल्या बायका हात पुढे करतात ते बेगमबीपुढेच. डोक्यावर टोपली, तोंडात तंबाखूची मिश्री आणि जिभेवर साऱ्या तालुक्याच्या बातम्या. हात असा मऊ दाबते की बांगडी कधी चढली ते कळत नाही. एखादी फुटलीच तर दोष आपल्या मनगटाचा.

गेल्या वर्षी ही बाई एकाएकी फार मायाळू झाली. तरातरा चालणारी, आता प्रत्येक ओट्यावर बसून गप्पा मारायला लागली. आम्हाला वाटलं, वयानं निवळली. खरं तर चार घरं चाललं की तिच्या डाव्या पोटरीत गोळा यायचा, बसलं की जायचा. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. पाय थांबले तर टोपली थांबेल, आणि घरात नुसतं बसून राहायची तिला भारी धास्ती.

बांगड्या भरून झाल्या की भरणारीच्या पाया पडायची आमच्याकडे रीत. बेगमबी हल्ली डावा पाय साडीखाली ओढून घ्यायची. पण माझी सून दीपमाला इस्लापूरची, माहेरून सगळं पक्कं शिकून आलेली. एका पायाला हात लावून तिचं भागेना. पंचमीच्या बांगड्या भरल्यावर तिनं साडीखाली हात घालून दुसरा पायही धरला आणि तशीच थबकली.

"चाची, ह्यो एकच पाय गार कसा काय?"

बेगमबीनं पावसावर, फरशीवर खापर फोडून पाहिलं. दीपमालानं साडी सारली, तर अंगठा काळा पडलेला, जखम चिघळलेली. मी तिच्या मुलाला, वकारला फोन लावला. आधी त्याला चार शब्द सुनावले, मग तिला.

लातूरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं की साखर आणि मिश्री, दोघींनी मिळून मांडीतली रक्तवाहिनी चोंदवली आहे. जांघेतून बारीक तार घालायची, तिच्यावरून मिटलेला फुगा चोंदलेल्या जागी न्यायचा, तिथे फुगवायचा आणि रस्ता झाला की काढून घ्यायचा. रक्त खाली पोचलं तर ठीक, नाही तर पाय कापावा लागेल. बेगमबीनं विचारलं, फुगा फुटला तर? दीपमालाला तेव्हा नुकतेच दिवस गेले होते. तिला मात्र बेगमबीनं फोनवर बजावलं, "तुझा डोहाळजेवणाचा हिरवा चुडा दुसरीकडं भरू नको. मी येते, चालत येते."

त्या दिवशी आमच्या घरात कुणाला घास गोड लागला नाही.

फुगा घालताना ती जागीच होती. डॉक्टरांना म्हणाली म्हणे, तुमचा हात हलका आहे, बांगड्या भरायला चालेल. अंगठ्याचं टोक गेलं, पाय राहिला. मिश्रीची डबी वकारनं नालीत फेकली, त्यावरून मायलेकांचा बरेच दिवस अबोला.

डोहाळजेवणाला ती आली. ओट्यांवर बायका जागा करून बसलेल्या, आणि ही टोपली घेऊन सगळ्यांपुढून तरातरा निघून गेली. फुगा घातल्यापासून भाव खाते, असं बायका बोलल्याच.

चुडा भरून झाला. दीपमालाला पोटामुळे वाकता येईना, म्हणून तिनं बसूनच हात जोडले. बेगमबीनं डावा पाय स्वतःच तिच्या हातापर्यंत उचलून धरला.

"धर पोरी. आता सांग, गार हाय का?"

दीपमालानं तो दोन्ही हातांत घेतला. "न्हाई चाची," म्हणाली, आणि कितीतरी वेळ सोडेचना.