थाळ्यांची अदलाबदल

पौषातला सोमवार होता आणि मी पंगतीत जर्मनच्या थाळ्या मांडत होते. वाढून झालं, तशी शिबिराला आलेल्या कळंबच्या बाईनं आपली थाळी शेजारणीपुढं सरकवली आणि शेजारणीची स्वतःपुढं ओढली. दोन्हींत तेच. ज्वारीची भाकरी, मुगाचं वरण, अंबाडीची भाजी.

"ताई, तिच्या भाजीत खवा घातलाय व्हय?" मी विचारलं.

"असू द्या मावशी. सवय हाय."

अणदूरजवळच्या माळावर आमचा योगाश्रम होता. मी तिथली स्वयंपाकीण. महिन्याच्या शिबिराला बहुतेक लोक पोटाची तक्रार घेऊनच येत. हिच्या नवऱ्याची कळंबला धान्याची आडत. घरी अन्न टिकत नाही, उलट्या होतात म्हणून त्यानंच आणून सोडलेली. आली तेव्हा धरून चालवावी लागे. आठवड्यात दोन भाकरी पचवू लागली. महाराज म्हणाले, आसनांचा गुण. तुम्हीही तेच म्हणाला असता. मीही म्हटलं.

पण थाळी बदलणं थांबेना. पाणीसुद्धा दुसरं कुणी प्यायल्यावर त्याच कळशीतलं घ्यायची. बाया हसायच्या. तीही हसायची.

शिबिर संपत आलं तशी ती चुलीपाशी येऊन बसली. "मावशी, मला इथंच ठिवून घ्या. भाकऱ्या थापीन, भांडी घाशीन."

मी महाराजांना विचारलं. ते म्हणाले, "नवरा न्यायला येतोय. आपण कोण अडवणार?"

नवरा आला. गोड बोलणारा माणूस. हिच्या पोटाचं काय झालं होतं, असं मी विचारलं, तर कपाळाला हात लावून म्हणाला, "नशीब माझं, बाई. पहिल्या बायकोचंबी पोटच होतं. त्यातच गेली." तिच्यासाठी डिंकाच्या लाडवांचा डबा आणला होता. "वाटंत खा," म्हणाला.

तो एस.टी. थांबवायला पुढं गेला तेवढ्यात तिनं डबा माझ्या हातात कोंबला. "कुणाला देऊ नका मावशी. भूमला माझा भाऊ मास्तर हाय." खिडकीतून हात हलवला, नवऱ्यानं काच ओढली.

संध्याकाळी मी एक लाडू फोडून ओट्यावर ठेवला. आमच्या त्या ओट्यावर गुळाचा खडा घटकाभर टिकत नसे.

सकाळी पाहिलं. मुंग्यांची रांग आली होती. लाडवाला वळसा घालून पुढं गेली होती.

भाकऱ्यांचं पीठ दुसरीच्या हवाली केलं, डबा फडक्यात बांधला आणि भूमच्या वाटेला लागले. एस.टी.त डबा मांडीवर घेतला नाही. पायाशी ठेवला.