उन्हात ठेवलेली नळी

तिला सगळे सुईबाई म्हणतात. कुणाला सापडत नाही अशी शीर ती एका टोचणीत शोधते, आणि उपाशीपोटी आलोय म्हणणाऱ्याने चहा ढोसलाय की नाही, हे नुसत्या तोंडाकडे बघून ओळखते. "बिस्किटं दोन की चार?" एवढंच विचारते. माणूस ओशाळून म्हणतो, "दोनच."

तिच्या खोलीत एक खुर्ची, एक खिडकी, बर्फाचा डबा आणि नळ्या गरगर फिरवून रक्तातलं पाणी वेगळं काढणारं यंत्र. तिथे एका मोठ्या अभ्यासासाठी रक्त गोळा होत होतं. अन्न पचवताना, जाळताना शरीर बारीकसारीक रसायनं मागे सोडतं, चुलीत राख उरते तशी. जठरात, आतड्यात कर्करोगाने नुकतं कुठे बूड टेकलेलं असलं तरी त्या राखेचा मेळ बदलू शकतो. दुखायच्या आधीच तो ओळखता येतो का, हे प्रयोगशाळेतल्या मॅडम तपासत होत्या. मेळ संशयास्पद दिसला, की माणसाला दुर्बिणीने पोट बघून घ्यायला पाठवायचं.

अट एकच. रक्त काढलं की नळी लगेच बर्फात, आणि अर्ध्या तासात यंत्रात. "नळीतलं रक्त जिवंत असतं," मॅडमनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. "बाहेर राहिलं तर साखर खात बसतं. मग राख पेशंटची की नळीची, कळायचं कसं?" उशीर झाला की नळी बाद, आणि माणसाला महिन्याने पुन्हा बोलवायचं.

सुईबाईच्या ताईच्या वेळी असलं काही नव्हतं. ताई चौदा महिने एकाच डॉक्टरकडे जात होती. जेवण आधी अर्ध्यावर आलं, मग दोन घासांवर. डॉक्टर मान वर न करता सांगायचा, पित्त आहे, तुम्ही मनाला फार लावून घेता. दर वेळी एक गुलाबी औषधाची बाटली. पंधराव्या महिन्यात दुसऱ्या कुणी पोटात दुर्बीण घातली, तेव्हा जठरातली गाठ यकृतापर्यंत पोचली होती.

तोच डॉक्टर एका सकाळी सुईबाईच्या खुर्चीत येऊन बसला. साठी उलटलेला, बायकोने मागे लागून अभ्यासात नाव घालायला लावलेला. त्याने तिला ओळखलं नाही. ओळखणार कसा? चौदा महिने ती ताईच्या शेजारच्या स्टुलावर बसायची, आणि त्याची नजर कागदावर.

"मूठ आवळा," ती म्हणाली. रक्त घेतलं, कापूस लावला, त्याला वाटेला लावलं आणि नळी खिडकीत उन्हात उभी केली. तासभर. कागदावर वेळ मात्र खरी लिहिली, कारण नळी बाद व्हायलाच हवी होती. मॅडमना सांगितलं, यंत्र भरलेलं होतं.

महिन्याने तो परत आला. तिने त्याला सगळ्यांत शेवटी घेतलं. भुकेने उतरलेलं त्याचं तोंड पाहून तिच्या जिवाला थंडावा वाटला. ती नळीही उन्हात गेली.

घरी तिने भाऊजींच्या कानावर घातलं. ताई गेल्यापासून भाऊजींचं बोलणं हो-नाहीपुरतं उरलं होतं. त्या दिवशी त्यांनी हातातली वाटी खाली ठेवली.

"किती वेळा करणारेस?"

"चौदा."

"आणि खरंच काही असलं त्याच्या पोटात?"

"असू दे की."

भाऊजींनी वाटी पुन्हा उचलली. मग म्हणाले, "मोजत राहा."

तिसऱ्या खेपेला डॉक्टरच्या पट्ट्याला नवं भोक होतं, घरीच खिळ्याने पाडलेलं, वाकडं. वजन उतरलंय का, तिने विचारलं.

"जेवण जात नाही हल्ली," तो हसून म्हणाला. "पित्त आहे, बाकी काही नाही."

नळी तिच्या मुठीत कोमट होती. खिडकीत ऊन आलं होतं. तिला लख्ख दिसलं, असंच चालू ठेवलं तर हा चौदाव्या खेपेपर्यंत टिकणारच नाही. लोक म्हणतील, भला माणूस गेला. आणि ताईचं याने काय करून ठेवलं, ते याला शेवटपर्यंत कळणार नाही. सुटेल मेला.

"मरायचं नाही हं तुम्ही," ती पुटपुटली.

"काय म्हणालात?"

"कापूस दाबून धरा म्हटलं."

नळी बर्फात गेली. दहा मिनिटांत यंत्रात.

मेळ बिघडलेलाच निघाला. मॅडमनी त्याला दुर्बिणीला पाठवलं. जठरात गाठ होती, पण लहान, अजून कुठे पसरलेली नव्हती. कापून काढली.

तो हिंडायला-फिरायला लागल्यावर आभार मानायला आला. सुईबाईने त्याला बसवलं आणि सगळं सांगितलं. ताई, गुलाबी बाटल्या, उन्हातल्या दोन नळ्या. "मॅडम पलीकडच्या खोलीत आहेत. जा, तक्रार करा. मी असं का केलं, तेही तुम्हालाच सांगावं लागेल तेवढं."

तो उठला नाही. म्हणाला, "मला आठवत नाहीत त्या."

"आठवतील. आता वेळ आहे तुमच्याकडे."

"नाव काय त्यांचं?"

"तुमच्या जुन्या वह्यांत असेल. शोधा."

ऑपरेशननंतरही त्याला दर दोन महिन्यांनी रक्त द्यायचं होतं. दर खेपेला तो एकेक नाव घेऊन येऊ लागला. माळ्यावरून वह्या काढून बसला होता. पित्त म्हणून परत पाठवलेल्यांना एकेक करून फोन लावत होता. कुठे सून फोन घ्यायची आणि सासूबाई गेल्याचं सांगायची, कुठे नुसतीच घंटा वाजत राहायची. कुणाला तरी त्याने स्वतः दुर्बिणीला नेऊन आणलं होतं. "ह्या होत्या का?" तो विचारी. "नाही," ती म्हणे आणि सुई टोची.

सहाव्या खेपेला त्याने ताईचं नाव घेतलं. अगदी बरोबर, आडनावासकट.

सुईबाईने रबराचा पट्टा त्याच्या दंडावर आवळला.

"नाही," ती म्हणाली. "पुढची वही बघा."