मल्लाप्पाआण्णांचं 'विदाउट प्रेज्युडिस'

वकिलांच्या बाररूममध्ये कामं कमी, गप्पा जास्त. सोलापूरच्या कोर्टात मी नवा होतो तेव्हा ऐकलेले-पाहिलेले किस्से अजून सरत नाहीत. त्यातले निम्मे एकट्या मल्लाप्पाआण्णांचे!

आण्णा हुशार वकील, पण हरण्याची भारी धास्ती. तडजोडीच्या पत्रावर आम्ही 'विदाउट प्रेज्युडिस' लिहायचो. म्हणजे बोलणी फिसकटली, तर त्यातला शब्द आमच्यावर उलटवायचा नाही. आण्णा ते तोंडीसुद्धा वापरायचे!

*

"आण्णा, चहा घेणार?"

"घेतो की. विदाउट प्रेज्युडिस!"

"चहाला कशाला ते?"

"उद्या म्हणाल, आमचा चहा प्यालात, आता तडजोड करा!"

*

बुद्धिबळात आण्णांचा वजीर गेला. लगेच म्हणाले, "बरोबरीत सोडवू. विदाउट प्रेज्युडिस."

मी नाही म्हणालो.

"मग मी विचारलंच नव्हतं. चला, खेळा!"

*

माढ्याच्या एका अशिलाने या शब्दांचा अर्थ आण्णांकडून नीट समजून घेतला. निघताना आण्णांनी बजावलं, "सोमवारी तारीख आहे. नक्की ये."

"येतो की सायेब. विदाउट प्रेज्युडिस!"

सोमवारी आण्णा दिवसभर फाटकाकडे बघत बसले. अशील काही आला नाही.

*

आण्णांनी पत्नीला, पार्वतक्कांना, पंचमीला माहेरी अक्कलकोटला पाठवायचं कबूल केलं होतं. पंचमी तोंडावर आली तसे म्हणाले, "ते विदाउट प्रेज्युडिस बोललो होतो."

दुसऱ्या दिवशी अक्का भावाबरोबर निघून गेल्या. दोन महिने झाले तरी परतल्या नाहीत.

आण्णांना घर खायला उठलं. बुद्धिबळही बंद. मला खरंच वाईट वाटायचं. "जाऊन घेऊन या की," आम्ही म्हणायचो.

"मी आधी गेलो तर चूक माझी ठरते!"

शेवटी त्यांनी पत्र धाडलं, 'घरी ये.' आणि वर, ठळक अक्षरांत, अर्थातच ते दोन शब्द.

आठ दिवसांनी तेच पत्र परत आलं. वरच्या शब्दांवर काट मारलेली. खाली अक्कांनी लिहिलं होतं, 'खाडाखोडीवर सही करा आणि कागद स्वतः घेऊन या.'

आण्णांनी सही केली, हातातली केस माझ्याकडे दिली आणि दुपारची गाडी पकडली.

तिसऱ्या दिवशी कोर्टासमोरून टांगा निघाला. आत आण्णा, शेजारी अक्का, त्यांच्या मांडीवर कोरं करकरीत इरकल लुगडं.

"आण्णा, निकाल काय लागला?" मी व्हरांड्यातून ओरडलो.

आण्णांनी टांगा थांबवला आणि सगळ्या कोर्टाला ऐकू जाईल असं सांगितलं, "हरलो की! खर्चासकट!"