नसारिओचा पोंचो

नसारिओ कळपातून चुकलेल्या अल्पाकामागे बर्फावर गेला तो परतलाच नाही. चार दिवस गावाने दोर टाकून भेगा धुंडाळल्या. पाचव्या दिवशी, रिवाजाप्रमाणे, त्याची बहीण फेलिसियाना त्याचे कपडे ओढ्यावर धुण्यासाठी मागायला आली. मेलेल्याचे कपडे धुतले की त्याचा जीव वाटेला लागतो.

"मेला कुठंय तो?" त्याची बायको बाल्ताझारा दारात आडवी उभी राहिली.

"वहिनी, शहाण्यासारखं वाग. माझाही भाऊच होता."

"होता म्हणू नकोस!"

"बरं, आहे. मग त्याला तिथं थंडीत भटकत ठेवणार?"

शेवटी तिने गाठोडं दिलं. पण डोक्यातून घालायची त्याची लोकरी घोंगडी, तो लाल पोंचो, तिने चुलीमागे, जळणाच्या लेंड्यांच्या पोत्याखाली दडपला. लग्नाच्या वर्षी तिनेच विणलेला. बर्फावर गेला त्या दिवशी उकडतंय म्हणून नसारिओ तो घरीच टाकून गेला, आणि तिने त्याला अडवलं नव्हतं. एक वस्त्र न धुता राहिलं तर माणूस पुरता जात नाही, एवढंच तिला कळत होतं.

दुसऱ्या दिवशी तिने तो बर्फाच्या कडेला पसरून वर दगड ठेवले. वाट चुकलेल्याला लांबून दिसावा.

दिसला तो खालच्या कुरणातल्यांना. "नसारिओच्या पोंचोपुढं जनावरं नेऊ नका रे," असं ते एकमेकांना बजावू लागले. वर्षभरात हिमाने पोंचो गिळला, नाव राहिलं. पुढे नकाशेवाले आले आणि त्यांनी साऱ्या बर्फालाच ते नाव लिहिलं. बाल्ताझाराला कुणी विचारलं नाही. ती म्हणाली असती, नाव घाला चुलीत, माणूस काढून द्या.

तीस वर्षं बर्फ मागे हटत गेला. दर उन्हाळ्यात ती कडेला जाऊन बघायची. "नवरा एवढा डोंगराएवढा झाला, तरी तुझं पोट भरेना," फेलिसियाना टोमणा मारायची, पण धापा टाकत सोबत यायचीच.

यंदा बर्फाच्या तोंडाशी, वितळत्या पाण्याच्या धारेखाली, काही लाल दिसलं. बाल्ताझारा चिखलातून रांगत गेली. आजूबाजूचे दगड तिने नखांनी उकरले. पोंचो होता. फक्त पोंचो. पाणी त्याच्यातून आरपार वाहत होतं. तिने त्यात तोंड खुपसलं. नुसता ओल्या दगडाचा वास.

"अगं बाई," फेलिसियाना मागून हळूच म्हणाली, "धुतला गेला की गं."

बाल्ताझाराने पोंचो चिखलातून ओढून काढला.

"आण, पिळून घेऊ. एक टोक मला दे."

तिने टोक दिलं नाही. पोंचो छातीशी घट्ट धरून ती तशीच उभी राहिली, आणि पाणी तिच्या घागऱ्यावरून निथळत राहिलं.