रेघताईंनी छप्पर उचललं

शिक्षण खात्याच्या बांधकाम शाखेत जिन्यालगतच्या टेबलाशी बसणाऱ्या बाईंना शिपायापासून साहेबांपर्यंत सगळे रेघताई म्हणत. काम नकाशे काढायचं. पूर्वी तिरक्या फळीवर पेन्सिलीने, नंतर संगणकावर. पेन्सिल सुटली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच.

देशभरातल्या सरकारी शाळांसाठी वर्गखोलीचा एकच नकाशा होता. शाळा डोंगरात बांधा नाहीतर समुद्रकाठी, खोली तीच. चार भिंती, वर पत्रा, एक दार, दोन खिडक्या. हा नकाशा रेघताई नोकरीला लागण्याच्याही आधीचा. नवी शाळा मंजूर झाली की त्यावर गावाचं नाव घालायचं आणि सहीला पाठवायचं. त्यात डोकं चालवायला जागा नव्हती, आणि रेघताईंना ती हवी होती असंही नाही. घरी सासूबाई होत्या, सासूबाईंचे गुडघे होते आणि गुरुजी होते.

गुरुजी म्हणजे त्यांचे यजमान, पहिलीचे शिक्षक. लग्न ठरायच्या वेळी एक मैत्रीण म्हणाली होती, "पहिलीचे मास्तर? दिवसभर पोरांची नाकं पुसत असतील!" रेघताईंनी पहिल्या भेटीत हे जसंच्या तसं विचारलं. "पुसतो की," गुरुजी म्हणाले, "मधून वेळ मिळाला तर शिकवतोही." रेघताईंनी घरी येऊन होकार कळवला.

पुढे गुरुजींची बदली शहराबाहेरच्या माळावरच्या शाळेत झाली. एके काळी उन्हाळा सुट्टीत मावायचा. आता शाळा सुरू होऊन पुस्तकांना कव्हरं घालून झाली तरी तो बाडबिस्तरा आवरायचं नाव घेत नसे, आणि परत यायचा तोही परीक्षेच्या कितीतरी आधी. गुरुजी संध्याकाळी घरी येत तेव्हा सदऱ्याच्या पाठीवर मिठाचे पांढरे नकाशे उमटलेले असत. "माझ्या लेकाचं लोणचं घालतात की काय त्या शाळेत?" सासूबाई म्हणत. गुरुजी हसत आणि मोरीत जाऊन डोक्यावर तांब्या ओतत. तक्रार करायचा त्यांचा स्वभाव नव्हता.

एका दुपारी रेघताईंना कचेरीत फोन आला. मुख्याध्यापिका बोलत होत्या. "घाबरू नका हं, पण गुरुजींना चक्कर आलीय. निघता का?"

रेघताई होत्या तशा निघाल्या. पाहतात तर गुरुजी मुख्याध्यापिकांच्या खोलीत बाकावर आडवे, कपाळावर ओला रुमाल. डॉक्टर येऊन गेले होते, मीठसाखरेचं पाणी पाजून झालं होतं.

"सिंहाची गोष्ट सांगत होते," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "शिकारी येतो आणि सिंह पडतो, तेवढ्यात हेच पडले. पोरांना वाटलं, गोष्टीतच आहे. टाळ्या वाजवल्या हो त्यांनी!"

"इतकं छान पडणं मला आजवर जमलं नव्हतं," गुरुजी डोळे मिटूनच म्हणाले.

रेघताईंना हसूही आलं आणि रडूही. त्यांनी रुमाल पिळून पुन्हा कपाळावर ठेवला. मुख्याध्यापिका अवघडून म्हणाल्या, "शाळा सुटेपर्यंत जरा वर्गात बसाल का? आज माझ्याकडे दुसरं कुणीच नाही."

रेघताई वर्गात गेल्या आणि दारातच थांबल्या. भट्टीचं झाकण उघडावं तशी हवा तोंडावर आली. निम्मी मुलं बाकावर डोकं टेकून झोपली होती. उरलेली एका बाजूला दाटीवाटीने बसली होती, आणि दुसऱ्या बाजूचे बाक मोकळे. त्या तिकडे निघाल्या तसा एका चिमुरडीने त्यांचा पदर ओढला.

"तिकडे नका बसू. ती भिंत चावते."

रेघताईंनी भिंतीला तळहात लावला आणि झटकन मागे घेतला. पश्चिमेची भिंत. ही भिंत त्यांनी किती वेळा काढली असेल, त्याला गणतीच नव्हती. कागदावर ती एक रेघ होती.

संध्याकाळी घरी त्या आपला तळहात निरखत बसल्या होत्या. गुरुजींनी विचारलं, "काय गं, पोरांनी छळलं का?"

"नाही हो. झोपली होती बिचारी."

"दुपारी झोपतातच. मग मी आवाज बारीक करून शिकवतो. उठायला नकोत."

दुसऱ्या दिवशी कचेरीत रेघताईंनी एक जुनं परिपत्रक शोधून काढलं. बदलत्या हवामानाशी जुळवून घेण्यासाठी सर्व शाखांनी योग्य ती कार्यवाही करावी, असं त्यात म्हटलं होतं. प्रत्येक शाखेने ते वाचून, सही करून योग्य रीतीने पुढे ढकललं होतं. रेघताईंनी ते टेबलावर काचेखाली ठेवलं आणि कामाला लागल्या. भिंती उंच केल्या. पश्चिमेला व्हरांडा काढला. वरच्या बाजूला झरोके ठेवले, आणि छप्पर भिंतींवरून उचलून मधे फट सोडली, म्हणजे गरम हवा निघून जाईल. जेवणाची सुट्टी झाली तरी त्यांना पत्ता नसे.

मुख्य अभियंत्यांना सगळे मोठे साहेब म्हणत. त्यांची निवृत्ती जवळ आली होती. त्यांनी नकाशा शांतपणे पाहिला.

"छान आहे. पण ताई, ठरलेला नकाशा बदलायचा म्हणजे पार मंत्रालयापर्यंत उंबरे झिजवायचे. माझे गुडघे राहिलेत का आता?"

"उंबरे राहू द्या साहेब. एकदा दुपारी वर्गात बसून तर बघा."

साहेब भिडस्त माणूस. नाही म्हणणं त्यांना जमलं नाही. पुढच्याच आठवड्यात ते माळावरच्या शाळेत, पहिलीच्या बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीशी घेऊन बसले. रेघताई दाराशी उभ्या राहिल्या. गुरुजी आता बरे होते, बेरीज शिकवत होते. थोड्या वेळाने साहेबांचा चेहरा लालबुंद झाला. शेजारच्या पोरीने वहीने वारा घालायला सुरुवात केली, जणू हे तिचं रोजचंच काम. "आजोबा, झोपा तुम्ही. आमचे गुरुजी रागवत नाहीत."

आणि साहेब खरंच झोपले. शाळा सुटल्याची घंटा झाली तेव्हा दचकून उठले, तर सदरा अंगाला चिकटलेला. परतीच्या वाटेवर गाडीत ते चकार शब्द बोलले नाहीत. रेघताईंना वाटलं, संपलं. आपण साहेबांना पोरांसमोर उघडं पाडलं.

कचेरीच्या फाटकापाशी साहेब म्हणाले, "तुमचं छप्पर उडेल."

"काय?"

"ती फट ठेवलीय ना तुम्ही. वादळ आलं की वारा आत शिरणार आणि छप्पर पतंगासारखं जाणार. हल्ली वादळंही काय साधी येतात? घट्ट बांधून घ्यायला हवं. उद्या सकाळी या, बसू आपण."

ते दोघं बसले, पुन्हा पुन्हा बसले. साहेबांनी छप्पर बांधून दिलं. मग म्हणाले, समुद्रकाठी हे चालायचं नाही, तिथला वेगळा काढा. नदीकाठी जोतं उंच हवं. डोंगरात उलट थंडी. असं करत एका नकाशाचं कुटुंबच झालं. साहेब गुडघ्यांना पट्टे बांधून मंत्रालयाचे जिने चढले. एका बैठकीत कुणीतरी म्हणालं, "त्यापेक्षा पंखे देऊन टाका." साहेब म्हणाले, "देऊ की. दुपारी वीज तुम्ही आणून द्या."

मंजुरी आली तोवर साहेब निवृत्त झाले होते. ते जवळजवळ रोज फोन करून "आला का कागद?" विचारत. आला त्या दिवशी रेघताईंनीच फोन लावला. साहेबांनी मंजुरीचा क्रमांक दोनदा वाचायला लावला. मग, "बरं झालं हो. चहा घ्या आता."

माळावरची शाळा काही पाडून नव्याने बांधली नाही. जुन्या शाळांच्या वाट्याला पत्र्यावर पांढरा चुना, वर झरोके आणि पश्चिमेला बांबूचा मांडव एवढंच आलं. पण तेवढ्यानेही फरक पडला. गुरुजी घरी येऊन सांगू लागले, "आता कार्टी दिवसभर जागी असतात. बोलून बोलून माझा जीव खातात!" हे सांगताना त्यांचा चेहरा असा फुललेला असे, की सासूबाईही लोणच्याचा विषय विसरल्या.

गुरुजी निवृत्त झाल्यावर दोघं एकदा नव्या नकाशाची शाळा बघायला लांबच्या गावी बसने गेले. आपण कोण ते त्यांनी सांगितलं नाही. तिथल्या तरुण शिक्षिकेने कौतुकाने वर्ग दाखवला.

"दुपारीही बसवतं हो इथे. पण नकाशा काढणाऱ्याला अक्कल नाही. फळा कुठे लावलाय बघा! झरोक्यातून नेमकं त्यावर ऊन येतं. शेवटच्या बाकावरून अक्षर दिसत नाही."

गुरुजींनी खिशातून रुमाल काढून तोंडावर धरला. त्यांचे खांदे हलत होते. रेघताई मागे जाऊन शेवटच्या बाकावर बसल्या, मान डावीउजवीकडे करून पाहिलं.

"खरंय," त्या म्हणाल्या. "अगदी खरंय."

परतीच्या बसमध्ये गुरुजींनी त्यांना खिडकीची जागा दिली. थोडं अंतर गेल्यावर रेघताईंनी पर्समधून पेन्सिल काढली आणि कागद शोधू लागल्या. गुरुजींनी न बोलता दोन्ही तिकिटं उलटी करून पुढे केली, आणि बस हादरेल तशी हलू नयेत म्हणून आपल्या तळहातावर धरून ठेवली.