पहिला नंबर ताईच्या भागाचा

वीज कमी पडली की शहराचा कुठला भाग अंधारात ठेवायचा, हे तो बावीस वर्षं ठरवत आला होता. नियंत्रण कक्षातला सगळ्यात जुना माणूस. कुणी बोट दाखवू नये म्हणून त्याने स्वतःपुरता एक नियम केला होता: पहिली तोडायची ती आपल्याच माणसांची. आणि त्याचं आपलं माणूस म्हणजे थोरली बहीण. तिच्या शिवणाच्या दुकानात सहा मशिनं, सगळी मोटरवरची. सचोटी भावाची, भुर्दंड बहिणीला. भाचरं त्याला अंधारमामा म्हणायची. आधी गमतीने, मग गंमत राहिली नाही. शाळेच्या गणवेशांचं मोठं काम वीज नसल्याने हातचं गेलं तेव्हा ताईने बोलणंच टाकलं. त्याला दोन वर्षं झाली. हा पठ्ठ्या आतल्या आत झुरला, पण नियम काही सोडला नाही. प्रामाणिकपणाचंही एक खूळ असतं.

मग विजेचा बाजार आला. प्रत्येक वीजकेंद्राने उद्याचा भाव आज सांगायचा. ज्याची स्वस्त, त्याची आधी घ्यायची. मोठे कारखानेही म्हणू शकत होते, अमुक भाव द्या, आम्ही तेवढा वेळ बंद राहतो. त्याला हे सगळं थोतांड वाटलं. वीज म्हणजे काय कांदेबटाटे?

पहिल्याच संध्याकाळी एक वीजकेंद्र बंद पडलं. चाळीस मेगावॉटची तूट. त्याचा हात आपसूक फोनकडे गेला, ताईच्या भागाच्या उपकेंद्राला वीज तोडायला सांगायला.

"थांबा साहेब," शेजारची तरुण इंजिनीअर म्हणाली. "पोलादवाल्यांनी भट्टी थांबवायचा भाव दिलाय. घेऊ?"

त्याने मान हलवली. पाच मिनिटांत तूट भरली. कुणाचीच वीज गेली नाही. त्याला इतकं हलकं वाटलं, की तो मटकन खुर्चीत बसला.

मग त्याने ताईलाच फोन लावला. तिने उचलला, हेच नवल.

"लाइट आहे ना?"

"आहे. आता घालवतोयस?"

"नाही. आज नाही जायची."

पलीकडे खडखडणारं मशीन थांबलं. "इतकी वर्षं माझ्यापासूनच का रे?"

"दुसऱ्या कुणाला हक्काने अंधारात बसवणार होतो, ताई?"



"गाढवा," ती म्हणाली, "फोन ठेवू नकोस. एवढी बाही लावते, मग बोलू."

मशीन पुन्हा सुरू झालं. तो ऐकत बसला.